लहान पोरांना घेऊन लेणी बघायची असतील तर (कोल्हापुरातनं कारनं निघणाऱ्यांसाठी)

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या गल्लीत ठरलेलं असतंय, निम्मे गणपतीपुळ्याला, निम्मे गोव्याला आणि उरलेले मामाच्या गावाला. आम्ही गेली दोन वर्षं पोरांना घेऊन लेणी बघत फिरतोय. थोरली सात वर्षांची, धाकटा साडेचारचा, आणि मागच्या सीटवर दोघांच्या मधे आमची आई, कारण ती मधे नसली तर कागल यायच्या आत मारामारी होते. त्यामुळं ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच की एवढ्या लहान पोरांना लेण्यात काय कळतंय, त्रास नाही का देत. देतात की. पण कमी देतील असं करता येतंय, तेवढंच इथं लिहितोय.

आधी आमची चूक सांगतो. पहिल्याच ट्रिपला आम्ही थेट बादामी गाठली, ते पण मे महिन्यात, कारण शाळेला सुट्टी तेव्हाच आणि आमची अक्कलही तेवढीच. दुपारी बारा वाजता पायऱ्या चढायला लागलो, दगड तव्यासारखा तापलेला, धाकटा तेव्हा अडीच वर्षांचा, तो पहिल्या पंधरा पायऱ्यांनंतर खांद्यावर आला तो खाली उतरलाच नाही. थोरलीच्या हातातला बिस्किटचा पुडा माकडानं हिसकावला, ती जे रडायला लागली ते दुसऱ्या लेण्यापर्यंत रडली, आणि तिसऱ्या नंबरचं लेणं, ज्याच्यासाठी एवढे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर गेलो होतो, ते आम्ही आळीपाळीनं पाच-पाच मिनिटं बघितलं. एक जण आत, एक जण बाहेर पोरांना घेऊन सावलीत. घरी आल्यावर आई म्हणाली, पोहायला शिकवायचं तर आधी पायरीवर बसवतात, तुम्ही पोरांना डायरेक्ट रंकाळ्यात टाकलं. बरोबर होतं तिचं. म्हणून आता क्रम उलटा केलाय, घराजवळचं आधी, लांबचं शेवटी.

सुरुवात घरातनं

हसू नका, पण पहिली पायरी डायनिंग टेबलाखाली आहे. टेबलावर जाड चादर टाका, चारी बाजूनं जमिनीला टेकू दे, आत पोरं आणि टॉर्च. लहान पोरांना लेण्याची भीती वाटत नाही, अंधाराची वाटते, आणि उन्हातनं एकदम आत गेल्यावर दोन-तीन मिनिटं काहीच दिसत नाही त्याची वाटते. हे टेबलाखाली खेळून खेळून जातंय. आठवडाभर आधी सुरू करा. त्यातच तीन नियम पाठ करून घ्या: टॉर्च कोणाच्या डोळ्यात मारायचा नाही, छताला वटवाघूळ दिसलं तर त्याच्यावर मारायचा नाही, आणि भिंतीच्या फटीत, बिळात हात घालायचा नाही. आमच्या धाकट्यानं हे तीन नियम आजीला रोज म्हणून दाखवले, आजीला तोंडपाठ झाले.

आणि टॉर्च प्रत्येक पोराला वेगळा. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. आम्ही एकदा एकच नेला होता, दोघांत ओढाओढी झाली आणि टॉर्च पाण्याच्या पोढीत. पोढी म्हणजे लेण्यात कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. बुडताना पण तो चालू होता, दोघं काठाशी उभं राहून खाली जाणारा उजेड बघत बसली, भांडण तेवढ्यापुरतं थांबलं. डोक्याला बांधायचा टॉर्च मिळाला तर फारच बरं, हात मोकळे राहतात. मोबाईलचा टॉर्च मोठ्यांपुरता ठेवा, फोटो काढून आणि मॅप लावून बॅटरी संपलेली असतेच.

अजून एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नाहीतर पोरं नाराज होतात. कार्टूनमधल्या गुहेत छतातनं पांढरे दगडी सुळके लोंबत असतात, ते चुनखडीच्या गुहेत होतात. आपल्याकडं सगळा काळा बसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा दगड, त्यात तसं काही नसतंय. आपल्याकडची लेणी माणसानं छिन्नी-हातोड्यानं खोदलेली. थोरलीला हे सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न, मग खोदलेले दगड कुठं टाकले? मला उत्तर आलं नाही, पण तेव्हापासून प्रत्येक लेण्याबाहेर गेल्यावर ती दगडांचा ढीग शोधत असते, आणि पोरगी कंटाळत नाही एवढं मला पुरेसं आहे.

पहिलं लेणं कुठलं

माझ्या मते पोहाळे. कोल्हापूरपासून पंधरा-अठरा किलोमीटर, जोतिबाच्या डोंगराच्या कुशीत, पोहाळे तर्फ आळते गावाजवळ. शिवाजी पुलावरनं रत्नागिरी रोडला लागायचं, केर्लीतनं जोतिबाकडं वळायचं आणि कुशिरे-पोहाळे विचारत जायचं. मॅपवर लेणी दिसतात पण शेवटच्या टप्प्यात गावातल्या माणसाला विचारलेलं चांगलं, आणि विचारताना "बौद्ध लेणी" पेक्षा "पांडवांची लेणी" म्हणलं की लोकांना लवकर कळतंय. ही बौद्ध भिक्खूंची लेणी आहेत, पण आपल्याकडं डोंगरात काही खोदलेलं दिसलं की ते पांडवांनी एका रात्रीत केलं असं म्हणायची पद्धतच आहे. पोरांना दोन्ही गोष्टी सांगा. पांडवांची गोष्ट सांगायला सोपी, आणि खरी गोष्ट तर जास्तच भारी: भिक्खू वर्षभर गावोगाव फिरायचे आणि पावसाळ्यात तीन महिने एका जागी थांबायचे, त्याला वर्षावास म्हणतात, त्यासाठी असले विहार. आमच्या पोरांना "पावसाळ्यातलं हॉस्टेल" म्हणलं की लगेच समजलं.

तिथं एक मोठा विहार आहे, खांब असलेला, त्याच्या कडेनं छोट्या छोट्या खोल्या, आणि शेजारी स्तूप असलेलं चैत्य, म्हणजे भिक्खूंची प्रार्थनेची जागा. लहान पोरांसाठी ह्या खोल्याच खरं लेणं. आम्ही गेलो तेव्हा धाकटा दारातच अडून बसला, आत येणार नाही म्हणून. जबरदस्ती केली नाही, बाहेरच्या सावलीत दहा मिनिटं बसलो, काकडी खाल्ली, तोपर्यंत डोळे सरावले आणि आतलं दिसायला लागलं. मग त्याला सांगितलं की तू आत येऊ नकोस, फक्त इथनं टॉर्च मारून ताईला खोल्या मोजायला मदत कर. तीन खोल्या मोजून झाल्यावर तो चौथ्या खोलीत होता. आत जाऊन आडवा झाला, पाय लांब केले आणि म्हणतोय, पप्पा, ह्यांना गादी नव्हती? मी म्हणलं नव्हती. उशी? मी म्हणलं, माहीत नाही रे. दोन मिनिटं तसाच पडून राहिला छताकडं बघत, छतावर छिन्नीचे घाव अजून दिसतात, त्याच्यावर टॉर्च फिरवत. त्यानंतर त्याला बाहेर काढायलाच अर्धा तास लागला.

पोहाळ्याला दीड तास पुष्कळ झाला. तिथनं वर जोतिबा, नाहीतर पन्हाळा. दोन्ही एका दिवसात करायचा मोह होतो, पोरं असतील तर एकच करा. जोतिबाला जाणार असाल तर रविवार टाळा, देवाचा वार असल्यानं गर्दी असते, माघात खेट्यांचे रविवार असतात तेव्हा तर विचारूच नका, आणि चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला लाखोंनी माणसं, तेव्हा त्या रस्त्याला गाडी घालणं म्हणजे वेडेपणा. पन्हाळ्याला गेलात तर तीन दरवाजाजवळची अंधारबाव पोरांना दाखवा. तीन मजली, खाली विहीर, पायऱ्या उतरत जाईल तसा गारवा आणि अंधार वाढत जातो, लेण्याची चांगली प्रॅक्टिस होते. पण विहिरीपाशी पोराचा हात घट्ट धरायचा, तिथं मी कुणालाच मोकळं सोडत नाही. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले त्यात पन्हाळा आहे, त्यानंतर सुट्टीच्या दिवशी गर्दी अजून वाढलेली दिसते, त्यामुळं सकाळी नऊच्या आत वर पोचा. उतरताना झुणका-भाकरी आणि दही. पोरांच्या ताटात ठेचा चुकून पण येऊ देऊ नका, आमच्याकडं एकदा आलाय.

ज्यांची पोरं दोन-अडीच वर्षांचीच आहेत त्यांनी त्याही आधी आळत्याचं रामलिंग करावं, हातकणंगल्याकडं. देवळासारखं आहे, आत गुहेत पिंडीवर पाणी ठिबकत असतं, चपला बाहेर काढाव्या लागतात, गार फरशीवर पोरं खूष असतात. एक तास, बास.

दुसरं: पळसंबे

पोहाळे जमलं की महिनाभरानं गगनबावडा रोड. गगनबावडा कोल्हापूरपासून साधारण पंचावन्न किलोमीटर, त्याच्या अलीकडं पळसंबे गाव. बालिंगा, कळे, साळवण करत जायचं. इथलं रामलिंग वेगळंच आहे, ओढ्याच्या पात्रात अख्ख्या दगडातनं कोरलेली छोटी देवळं उभी आहेत, वर दाट झाडी, बाजूनं पाणी. पोरांना इथं लेणं कमी आणि पाणी जास्त दिसतंय, दिसू दे. फक्त शेवाळ. ओल्या दगडावर स्लीपर घातलेलं पोर म्हणजे साबणावर उभं केल्यासारखं, त्यामुळं मागं पट्टा असलेले, तळाला खाचा असलेले सँडल किंवा बूट, आणि एक जोड जादा गाडीत.

पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमधे, लहान पोरांना घेऊन इथं जाऊ नका. एकतर ओढा वाढतो आणि वर डोंगरात कधी किती पाऊस पडला ते खाली उभं राहून कळत नाही, दुसरं म्हणजे ह्या रोडवर मांडुकलीजवळ पुराचं पाणी येऊन रस्ता बंद व्हायचा प्रकार दरवर्षीसारखाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मस्त. त्या दिवसांत गुऱ्हाळं पण चालू असतात. रस्त्याकडेला चिमणीतनं धूर दिसला की गाडी थांबवा, विचारलं तर बहुतेक ठिकाणी बघू देतात. कायलीत उकळणारा रस, वाफ, तो गोड वास, आणि वाटीभर गरम काकवी. कायलीपासून मात्र पोरांना लांब ठेवा, उकळता रस अंगावर उडाला तर चिकटून भाजतो. आमच्या थोरलीला पळसंब्याचं काय आवडलं विचारलं तर ती "गूळ" म्हणून सांगते.

वर गगनगडावर गगनगिरी महाराजांचा मठ आहे, तिथंही गुहा आहेत, पण चढ आणि पायऱ्या बघून ठरवा. आम्ही आईला घेऊन गेलो आणि अर्ध्यातनं परत आलो. कराडजवळचं आगाशिव पण मी मुद्दाम ह्या यादीत मागं ठेवलंय. जखिणवाडीच्या डोंगरात साठच्या वर लेणी आहेत, हायवेनं सव्वा-दीड तासात कराड येतंय, पण चढ चांगला दमवणारा आणि वर सावली कमी. पोरं सात-आठची झाली, स्वतःच्या पायानं चढायला लागली, मग जा.

गाडीत

आपण सगळे पोराला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसतो, मी पण बसवत होतो. नका बसवू. एअरबॅग उघडली तर ती जोरात पोराच्याच अंगावर आदळते, आणि कायद्यानंही चौदा वर्षांच्या आतल्या पोराला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. धाकट्यासाठी चाइल्ड सीट घेतली तेव्हा घरात सगळ्यांनी नाकं मुरडली, आता तो तिच्याशिवाय बसत नाही कारण उंच बसल्यानं बाहेरचं दिसतंय. बाहेरचं दिसलं की उलटी पण कमी होते, हा आमचा शोध.

उलटीचं अजून थोडं. जोतिबा-पन्हाळ्याच्या वळणांवर निम्मी पोरं गळपटतात. निघायच्या आधी पोट भरून दूध पाजू नका, उपाशी पण नेऊ नका, एखादी दशमी किंवा केळं खाऊ दे. मोबाईल हातात द्यायचा नाही, खाली बघितलं की गेलंच. आलेपाकाची वडी चघळायला. प्रत्येक सीटच्या मागच्या खिशात दोन पिशव्या, डिकीतल्या बॅगेत नाही, हाताला लागतील तिथं. आणि सकाळी निघताना मिसळ खायची नाही. तुम्ही खाल्ली तर पोरं मागणार, आणि पोरांनी खाल्ली तर वाघबीळला गाडी धुवायला थांबावं लागणार.

ऊसाच्या सीझनला अंधार पडायच्या आत घरी या. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, समोरनं येणाऱ्याच्या हेडलाईटमधे ती ट्रॉली दिसतच नाही. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगायला नको, पण ट्रिपच्या नादात "अजून एक पॉइंट" करत सात वाजतात, म्हणून लिहिलं.

डबा

लेण्यांजवळ हॉटेल नसतंय असं धरून चाला. आमचा ठरलेला डबा: मेथीचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी पोरांची बिनतिखट आणि आमची वेगळी, दहीभात छोट्या स्टीलच्या डब्यात, काकडी, राजगिऱ्याचे लाडू, आणि भडंग. भडंग गाडीत द्यायचं नाही, पुढचे दोन महिने सीटखालनं चुरमुरे निघत राहतात. पाणी माणशी दीड लिटर तरी, शिवाय हातपाय धुवायला पाच लिटरचा एक कॅन वेगळा. हा कॅन सगळ्यात उपयोगी वस्तू आहे. सोबत साबण, कारण वटवाघळांची घाण जमिनीवर असते, पोरं हात टेकवत फिरतात आणि बाहेर आल्या आल्या लाडू मागतात.

खायचं लेण्याच्या आत नाही, बाहेर झाडाखाली. कचरा परत गाडीत.

आत गेल्यावर

आत शिरायच्या आधी मोठ्यांनी एकट्यानं एक चक्कर मारून यायची, ही माझी अट आहे. बघायचं काय, तर वर. लेण्याच्या कपाळाला, छताच्या कडेला आग्यामोहोळ लागलेलं असतं बऱ्याचदा, काळ्या मोठ्या परातीसारखं लोंबतं. दिसलं तर पोरांना घेऊन आत जायचंच नाही, कितीही लांबनं आला असाल. आम्ही एका ठिकाणाहून असे परतलोय, पोरं रुसली, आइसक्रीमवर मिटवलं. आणि पोळं दिसो न दिसो, अंगाला सेंट-डिओ मारून जायचं नाही, उदबत्ती-धूर करायचा नाही, शिट्ट्या-आरोळ्या नाहीत. आवाज घुमतो म्हणून पोरं ओरडणारच, त्यांना म्हणायचं कुजबुजून बघा, ते पण घुमतंय. चैत्यात तर जास्तच.

आत गेल्यावर वीस मिनिटं. त्यापुढं चार वर्षांचं पोर टिकत नाही, आणि टिकावं असा आग्रह पण नको. त्या वीस मिनिटांत त्यांना काम द्या. खांब मोज, खोल्या मोज, कुठल्या खोलीत सगळ्यात गार लागतंय सांग, छिन्नीचा घाव डावीकडनं मारलाय की उजवीकडनं ते बोट न लावता बघून सांग. आम्ही प्रत्येकाला एक चित्रकलेची वही आणि तेलकट खडू देतो, बाहेर बसून चित्र काढायचं. हातात वही असली की भिंतीवर काढायची खाज येत नाही. भिंतीवर नावं कोरलेली दिसतातच, पोरं विचारतात हे राजाचं नाव आहे का, तर नाही म्हणून सांगायचं, आणि सांगायचं की राष्ट्रीय संरक्षित स्मारक खराब केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. आमच्या थोरलीनं तिथल्याच एका बदामातल्या नावाकडं बघून विचारलं, मग ही दोघं आता जेलमधे आहेत?

कोपऱ्यात साचलेल्या वटवाघळांच्या घाणीत पोरांना खेळू देऊ नका, ती धूळ उडून नाकात गेली तर छातीचा त्रास होऊ शकतो. तोंडाला मास्क असलेला बरा, कोरोनातले उरलेत ते वापरा.

मग बादामी

ही दोन-तीन लेणी पचली की बादामी. दोन रात्री ठेवा. डिसेंबर-जानेवारी सोडून आता आम्ही विचारच करत नाही. रस्ता कागल, कोगनोळी टोल, निपाणी, संकेश्वर, तिथनं आत गोकाक, यरगट्टी, लोकापूर असा. मॅप पाच तास दाखवतो, पोरांसकट सात धरा. गोकाकला थांबायचं म्हणजे थांबायचंच, धबधबा जवळ आहे, जानेवारीत पाणी कमी असतं पण करदंट बारा महिने मिळतं. डिंक आणि सुकामेव्याची ती वडी पोरांना चढावर देण्यासाठी एक नंबर.

आईला बादामीसाठी तयार करायला कष्ट पडले नाहीत, कारण बनशंकरी तिथनं पाच किलोमीटरवर. आपल्याकडच्या कितीतरी घरांची ती कुलदेवी, त्यामुळं "देवीला जायचंय" म्हणलं की घरातली मोठी माणसं आधी बॅग भरतात. पौषात मोठी जत्रा असते तेवढे दिवस बघून जा, राहायला जागा मिळत नाही.

सकाळी लवकर लेण्यांवर जा. पंधरा वर्षांच्या आतल्या पोरांना पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागत नाही. चार लेणी आहेत, एकावर एक पायऱ्यांनी जोडलेली, तांबडा वाळूचा दगड, खाली अगस्त्य तळं. हातात खाण्याची वस्तू नको, पिशवी पण नको, पाण्याची बाटली सॅकमधे चेन लावून. माकडं आवाजावर येतात, प्लास्टिक वाजलं की हजर. माकडाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही, दात दाखवून हसायचं नाही हे पोरांना आधीच शिकवा. आणि ओरखडा जरी आला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रेबीजच्या इंजेक्शनसाठी. हळद लावून घरी नेऊ नका. १०८ ॲम्ब्युलन्स कर्नाटकात पण चालते.

पोरांना चारही लेण्यांचं सगळं दाखवत बसू नका. मी प्रत्येक लेण्यात एकच गोष्ट ठेवलीय. पहिल्यात अठरा हातांचा नटराज, पोरांना हात मोजायला लावा, आमच्यात एकाचे सोळा भरले, एकीचे वीस, तीनदा मोजावे लागले. त्याच लेण्याच्या दारात डावीकडं द्वारपाल आहे, त्याच्या पायाशी एक गंमत: बैल आणि हत्ती दोघांत एकच डोकं. एका बाजूनं बघितलं तर हत्ती, दुसऱ्या बाजूनं बैल. धाकट्यानं एक हात बैलाच्या बाजूनं डोळ्यासमोर धरला, मग हत्तीच्या बाजूनं, असं पाच-सहा वेळा केलं, आणि मग ओळखीपाळखीच्या नसलेल्या काकूंना हाताला धरून आणून ते समजावून सांगितलं. त्या काकू कन्नड, हा कोल्हापुरी, पण "आनी" म्हणजे हत्ती हे तो त्यांच्याकडनंच शिकून आला.

दुसऱ्यात त्रिविक्रम, म्हणजे वामनाचं मोठं रूप, पाय वर उचललेला, बळीची गोष्ट पोरांना दिवाळीच्या पाडव्यामुळं माहीत असतेच. तिसरं सगळ्यात मोठं, तिथं इ.स. ५७८ चा, चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाचा शिलालेख आहे, म्हणजे हे लेणं नक्की केव्हाचं ते दगडावरच लिहून ठेवलंय, आणि आत नागाच्या वेटोळ्यावर बसलेला विष्णू. नेहमी झोपलेला बघितलेला असतो, इथं बसलाय, हे थोरलीनं आमच्या आधी पकडलं. चौथं जैन, लहान आणि शांत, तिथं फक्त बसा आणि खाली तळं बघा.

अकराच्या आत खाली उतरा. दुपारी झोप. पट्टदकल आणि ऐहोळे ही जुन्या देवळांची गावं जवळच आहेत, पण त्याच दिवशी नाही, दुसऱ्या सकाळी त्यातलं एकच. लेणं हवं असेल तर ऐहोळेची रावणफडी. जेवायला ज्वारीची भाकरी मिळते, तिथं रोट्टी म्हणतात, आईला घरचं जेवल्यासारखं वाटलं. "साकु" एवढा एक शब्द शिकून जा, बास म्हणजे साकु, नाहीतर वाढतच राहतात.

परत आल्यावर

पोरांना आंघोळ घालताना काखेत, कानामागं, जांघेत गोचीड चिकटली नाही ना बघा, विशेषतः पळसंब्याच्या झाडीतनं आला असाल तर. बूट गच्चीत उपडे ठेवा आणि घालताना झटकून घाला. कपडे वेगळे भिजवा. टॉर्चमधले सेल काढून ठेवा, आम्ही विसरलो, ते आत पाझरले आणि पुढच्या ट्रिपला दोन्ही टॉर्च बंद. आणि टेबलावरची चादर लगेच काढू नका. आमच्याकडं बादामीहून येऊन पंधरा दिवस झाले तरी ती तशीच होती, आत वहीतली चित्रं चिकटवलेली, बाहेर खुर्चीवर धाकटा तिकीट घेऊन बसलेला. मोठ्यांना दहा रुपये, पंधराच्या आतल्यांना फुकट.